चार्जिंग पोर्ट आणि नातीचं बारसं

मोबाइलच्या चार्जिंग पोर्टला मजबुती देण्याचं काम फिटरने करू नये. मी बरखेड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

नागपूरला आमच्या पहिल्या नातीचं बारसं, आणि इथे हिंदी मुलखातल्या क्वार्टरमध्ये माझ्या बायकोचा, सुमनचा, पाय प्लास्टरमध्ये. जाणं शक्य नव्हतं. शेवटी आमच्या लेकीने, केतकीनेच तोडगा काढला. आईने व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हणायचा. सुमनने स्वतः आठ कडवी रचली. (माझं नाव एकाही कडव्यात नव्हतं. व्याह्यांचं दोनदा होतं.)

अडचण एकच. सुमनच्या फोनचा पोर्ट इतका सैल झाला होता की केबल उचलून, किंचित डावीकडे वळवून, श्वास रोखून धरली तरच चार्जिंग होई. माझा फोन बटणांचा, त्यामुळे तो बाद.

"दुकानात दाखवून आणा," सुमन म्हणाली.

"एवढ्याशा कामाला दुकान? मी टर्बाइन उघडलेत."

"मला टर्बाइनवर पाळणा म्हणायचा नाहीये."

बारशाच्या सकाळी मी टूथपिकने पोर्ट साफ केला, हलणारी बाजू चिमट्याने बसवली आणि पाण्याची टाकी गळली की लावतात ते सील मळून भोवती पक्कं लिंपलं. शेजारी टाचणीच्या टोकाएवढी काही भोकं दिसली. धूळ जायला नको म्हणून तीही बुजवली. (काम अर्धवट सोडायची मला सवय नाही!) फोन शंभर टक्के चार्ज झाला. सुमनने माझ्याकडे आदराने पाहिलं. बऱ्याच वर्षांनी.

दुपारी मी कॉल लावला आणि सुमन गाऊ लागली. पलीकडची मंडळी इतकी शांत की मलाच भरून आलं. ओठ तेवढे हलत होते.

"बरोबरीने गुणगुणताहेत," मी म्हणालो.

तिसऱ्या कडव्याला सगळेच कानांकडे बोटं दाखवू लागले.

"आता हे काय?" सुमनने विचारलं.

"बाळाच्या कानात कुर्रर्र करायची वेळ झाली असेल. तूही कर."

सुमनने फोनला तोंड लावून तीनदा कुर्रर्र केलं. केतकीने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात माझा बटणांचा फोन वाजला. गाण्यात व्यत्यय नको म्हणून मी तो बंदच करून टाकला.

सहाव्या कडव्याला शेजारचे मिश्राजी आपला फोन घेऊन धावत आले. "भाईसाहब, बिटिया कह रही है, भाभीजी की आवाज़ ही नहीं आ रही. आपका फोन भी बंद है."

सुमनने त्या सीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिश्राजींनी त्यांचा फोन तिच्यासमोर धरला आणि तिने आठही कडवी पुन्हा म्हटली. शेवटच्या कडव्याला पलीकडे केतकी रडली, आणि मिश्राजींनी एक शब्द न कळता डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मिश्राजींनीच मला स्कूटरवरून सोनागिरीच्या मोबाइल दुकानात नेलं. ते चहा सांगायला गेले, तेवढ्यात दुकानदाराने भिंगातून फोन पाहिला.

"माइक, स्पीकर, सब पैक? ये किसने किया?"

"पड़ोसी ने," मी म्हणालो.

नेमके तेव्हाच मिश्राजी चहा घेऊन आत आले. दुकानदाराने विचारलं, "पड़ोसी आप ही हैं?" ते हो म्हणाले. मग पुढची दहा मिनिटं, फोनच्या कुठल्या भोकात काय असतं यावर त्यांनी उभ्याने व्याख्यान ऐकलं. मी चहा पीत होतो. शेवटी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "गलती हो गई, भैया."

घरी आल्यावर सुमनने विचारलं, "काय म्हणाला दुकानदार?"

मी म्हणालो, "मिश्राजींना विचार. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलंय."