थोटकावरचं पांढरं कडं

माझ्या आत्याने जन्मात एक झुरका घेतला नाही, पण दिवसाला शंभर सिगरेटी तिच्या हाताखालून संपायच्या. तिची नोकरीच ती होती. सरकारी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, बिस्किटवाले आणि साबणवाले यांच्या मधल्या खोलीत, सिगरेट ओढणारं एक यंत्र तिच्या ताब्यात होतं. वीस तोंडांचं. प्रत्येक तोंडात सिगरेट खोचायची, बटण दाबायचं, की यंत्र मिनिटाला एक झुरका घ्यायचं. दोन सेकंदांचा, चहाच्या सात चमच्यांत मावेल एवढ्या धुराचा. मग गप्प बसायचं. घरी भांडण झालं म्हणून जास्त नाही, पाऊस पडतोय म्हणून लागोपाठ दोन नाहीत. या शिस्तीमुळे आत्या त्याला 'साहेब' म्हणायची.

धूर एका पांढऱ्या गोल चकतीतून जायचा आणि चिकट ऐवज तिच्यावर बसायचा. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची, त्यातून पाणी आणि निकोटिन वजा करायचं. उरलं ते टार, मिलिग्रॅममध्ये. पाकिटावर छापलेल्या आकड्याशी हा आकडा जुळला की आत्या सही करायची. नाही जुळला तर ती घरीही दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि सिगरेट सोडायचं सोडून बाकी सगळं ऐकायचे. दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. बाबांनी महिनाभर आमच्या नाकी नऊ आणले. शेवटी आत्याच मधे पडली.

"दादा, सुटतच नसेल तर निदान ही घे. तुझी बाराची आहे, ही एकची. मी स्वतः मोजलीय."

बाबांचा डॉक्टरांवर नव्हता तेवढा विश्वास धाकट्या बहिणीवर होता. दुसऱ्या दिवसापासून निळं पाकीट जाऊन पांढरं आलं. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र चिडले होते, कारण बाबा आता औषध घेतल्यासारख्या चेहऱ्याने सिगरेट ओढायचे.

दोन वर्षं गेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचायला लागले. पंधरा वर्षं तीच पाटी होती. तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले की श्वास आणखी उतरलाय, आणि हे असंच चाललं तर वर्षभरात घरात ऑक्सिजनचं नळकांडं आणावं लागेल.

आत्या रडली नाही, रागावलीही नाही. तिला कोडं पडलं. "बाराचा माणूस एकवर आला," ती मला म्हणाली. "मग हे बाकीचं येतंय कुठून?"

एका दुपारी ती बाबांच्या दुकानात जाऊन बसली. तेलाच्या डब्याचं झाकण ही बाबांची राखदाणी. आत्याने चिमट्याने त्यातली थोटकं उचलून कागदात बांधायला सुरुवात केली.

"छोटी, एवढी वाईट वेळ आली का तुझ्यावर?" बाबा म्हणाले. आत्या बावन्न वर्षांची होती.

"गप्प बस आणि तुझं काम कर."

बाबा काम करायला लागले आणि आत्या बघत राहिली. दोन्ही हात ग्रीसने माखलेले, म्हणून सिगरेट सगळी ओठांवर. पडू नये म्हणून चांगली आत दाबलेली. हात एकदाही तिला लागत नव्हता.

प्रयोगशाळेत तिने बाबांची थोटकं साहेबांच्या थोटकांशेजारी मांडली. साहेबांच्या फिल्टरच्या टोकावर मधोमध तपकिरी ठिपका होता आणि भोवती स्वच्छ पांढरं कडं. बाबांचा फिल्टर काठापर्यंत तपकिरी होता. त्या दिवशी तिने फिल्टरवरचा कागद सोडवून उजेडासमोर धरला. सुईने टोचावीत तशी बारीक भोकं, एका रांगेत. सिगरेट ओढताना त्यातून हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. साहेब नियमाप्रमाणे नऊच मिलिमीटर तोंडात घेतात, म्हणून भोकं उघडी राहतात. बाबांच्या ओठांखाली ती बुजत होती.

तिने भोकांवर चिकटपट्टी लावून यंत्र चालवलं. एकचे सात झाले. मग ती घड्याळ घेऊन पुन्हा दुकानात गेली आणि बाबांचे झुरके मोजले. मिनिटाला तीन, आणि खोल. बाबांच्या चालीने यंत्र लावलं तेव्हा तेरा आले.

हे सगळं तिने मला सांगितलं ते दुकानाच्या पायरीवर. आत जायला ती धजत नव्हती. "मी त्याला साहेबांचा आकडा दिला गं," ती म्हणाली. "त्याचा मोजलाच नव्हता."

आत जाऊन तिने काचेच्या दोन डब्या बाकावर ठेवल्या. एकीतली चकती जेमतेम पिवळसर, दुसरीतली काढ्याच्या रंगाची.

"ही यंत्राने ओढली. ही तू. सिगरेट एकच, पांढऱ्या पाकिटातली."

बाबांनी दोन्ही डब्या उजेडात धरल्या. कुठलाही सुटा भाग ते असाच बघायचे. "मग ओठ मागे घेतो," म्हणाले, आणि एक पेटवून टोकाशी धरली. "यात काहीच येत नाही. नुसता वारा." तिसऱ्या झुरक्याला त्यांचे ओठ आपोआप पुढे सरकले. आत्याने बोट दाखवलं. बाबांनी सिगरेट झाकणात दाबली.

"छोटी, पूर्वी मी आठ ओढायचो. या हलक्या, लाइट आहेत म्हणून चौदा करून टाकल्या."

हे आत्याला माहीत नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि मग मात्र रडली. बाबांनी ग्रीसचे हात पुसले आणि तिच्याजवळ उभे राहिले. त्यांना समजूत घालता येत नसे. "तू मोजलंस ते बरोबरच होतं," एवढंच म्हणाले.

सिगरेट त्या दिवशी सुटली नाही. अकरा महिने लागले आणि त्या काळात बाबा दोनदा चोरून ओढताना सापडले. नळकांडं अजून आलेलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची पाटी ते अजून वाचतात, पण आता वरपासून खालपर्यंत नाही.

काढ्याच्या रंगाची ती डबी त्यांनी आत्याला परत दिली नाही. ती शर्टाच्या खिशात असते, पाकीट ठेवायचे त्याच जागी. मशीनचं काम अडलं की हात आपोआप खिशाकडे जातो, डबी बाहेर येते, बाबा तिच्याकडे बघतात आणि परत ठेवतात. परवा मी मोजलं. एका दुपारी चौदा वेळा.