बंदूक ठाण्यात, परवाना खिडकीत

तुमच्या बँकेच्या दारात खांद्याला बंदूक लावून जो माणूस उभा असतो, त्याच्या हातातली बंदूक कोणाची, हे कधी विचारलंय का तुम्ही?

बँकेची म्हणाल, तर चुकलात. एजन्सीची म्हणाल, तरी चुकलात. ती त्याची स्वतःची असते. परवाना त्याच्या नावचा, काडतुसं त्याच्या खिशातली, तेल-फडकं त्याच्या घरचं. बँकेचं असतं फक्त दार. ऑटोवाला जसा स्वतःची ऑटो घेऊन धंद्याला लागतो, तसा हा गडी स्वतःची बंदूक घेऊन नोकरीला लागतो. परवाना अडला की बंदूक अडली, आणि बंदूक अडली की घरची चूल अडली. एवढं ध्यानात ठेवा आणि मग मेडशीच्या इंद्रभानची गोष्ट ऐका.

इंद्रभान पन्नाशीच्या पुढचा. अंगानं काटक, इस्त्री केलेला निळा शर्ट, बूट असे की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. सकाळच्या एसटीनं मेडशीहून वाशीमच्या बँकेवर जायचा. दुनाळी बंदूक निळ्या जाड कापडाच्या खोळीत, आणि ती दोन गुडघ्यांच्या मधात उभी. कंडक्टर रोज तोच विनोद करायचा, "बसा गनमॅनसाहेब, आता आपली गाडी कोनाच्या बापाले लुटता येत नाई." आणि इंद्रभान रोज तितकाच खूश व्हायचा. खोळ शिवली होती त्याच्या बायकोनं, पंचफुलानं. आतून जुन्या शालीचं अस्तर लावलेलं, म्हणजे थंडी-पावसात नळीला दमट लागू नये.

या बंदुकीचं त्याला एवढं काय होतं, ते नुसत्या पगारावरून कळायचं नाही. त्याच्या आज्याच्या हातात गावाची काठी होती. घुंगराची. रात्रभर गावाची राखण करायची आणि सकाळी दारोदार शिळी भाकर मागायची, असा तो मान. छप्पन साली आज्यानं धम्म घेतला आणि आल्या पावली ती काठी मोडून चुलीत घातली. "आता कोनाची राखन करनार नाई," म्हणाला. इंद्रभाननं पुन्हा राखणच धरली, पण आपल्या मर्जीनं, पगारावर, सरकारी परवान्यानं आणि बुटासकट. बँकेच्या दारात त्याला पाहून गावचे मोठे लोकही "काय इंद्रभानजी" म्हणायचे. तो 'जी' त्याला त्या बंदुकीनं मिळवून दिला होता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. चूक झाली त्याच्या इमानदारीत.

परवान्याची मुदत संपायला अजून वेळ होता, तेव्हाच त्यानं नूतनीकरणाचा अर्ज टाकला. फी भरली, फोटो दिले, पोच घेतली. तेवढ्यात निवडणूक लागली. आचारसंहिता म्हटलं की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची. बँकेवरच्या गनमॅनला त्यातून सूट मिळू शकते, एजन्सीनं नावांची यादी वेळेत द्यायला पाहिजे, बस. पण एजन्सीचा सुपरवायझर करण याच्या मोबाईलातच ती यादी राहिली. आणि इंद्रभान काही यादीची वाट पाहणारा माणूस नव्हता. पोलीस आपल्या दारात बंदूक मागायला आले, तर वस्तीत काय म्हणतील, हेच त्याच्या डोक्यात. पुकारा झाला त्याच दिवशी तो ठाण्यात हजर. पहिला नंबर. पावती खिशात घालून घरी आला आणि पंचफुलाला म्हणाला, "पाह्य, आपल्या कागदावर डाग नाई."

पंचफुला म्हणाली, "कागद खाऊन दिवस काढता का? करणले एक फोन त लावाचा!"

निवडणूक झाली, गुलाल झाला, डीजे वाजून वाजून थंड झाले. त्या धांदलीत परवान्याची तारीख निघून गेली. इंद्रभान ठाण्यात गेला, पावती पुढे केली. हवालदार भला माणूस होता. त्यानं परवाना उलटसुलट पाहिला.

"इंद्रभानभाऊ, मुदत सपली ना तुमची."

"अर्ज देला हाय सायेब, मुदतीच्या आंधी. हे पोच."

"पोच म्हंजे परवाना नोहे भाऊ. सपलेल्या परवान्यावर तुमच्या हातात हत्यार देलं त उद्या माह्यी वर्दी जाते. नवीन शिक्का मारून आना, हसत घेऊन जा."

बरं. गडी परवान्याच्या खिडकीवर गेला. ती खिडकी कोणत्या ऑफिसातली ते लिहीत नाही. ज्यांनी तिथं चपला झिजवल्या त्यांना सांगायची गरज नाही. आतल्या बाबूनं फाईल काढली, चाळली.

"शस्त्र दाखवा. नंबर जुळवायचा आहे."

"ते ठाण्यात जमा हाय सायेब."

"मग सोडवून आणा."

"ठाण्यातले म्हनतात शिक्का आना."

"शस्त्र पाहिल्याशिवाय शिक्का नाही."

इंद्रभान अगदी अदबीनं म्हणाला, "मंग सायेब, तुमी ठाण्यात चालता का? ऑटो मी करतो." मागची रांग खो खो हसली. बाबू हसला नाही. त्यानं फाईल मिटली आणि खालच्या खणात टाकली.

हसू नका, पण हाच आपला कारभार. ठाणं म्हणतं कागद आण, खिडकी म्हणते बंदूक आण. दोघंही आपापल्या जागी नियमानं बरोबर, आणि मधात माणूस जात्यातल्या ज्वारीसारखा. कोणी त्याला पैसे मागितले नाहीत, कोणी शिवी दिली नाही. लाच मागितली असती तर भांडता तरी आलं असतं!

वाट हवालदारानंच दाखवली. "तिकडून आमच्या नावानं एक पत्र आना. 'अमक्याचं हत्यार ठाण्यातच पाहून नंबर कळवा.' बस, एवढी एक ओळ. मी त्याच दिवशी नंबर लिहून देतो." आणि मग, का कोण जाणे, त्यानं इंद्रभानला शस्त्रांच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. कोपऱ्यात सात-आठ बंदुका भिंतीला टेकलेल्या होत्या, गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या. आपली बंदूक त्यानं लांबूनच ओळखली. नळीवर तांबूस डाग चढला होता. त्यानं नकळत खिशातला रुमाल काढला.

"हात नोको लावू भाऊ," हवालदार हळूच म्हणाला. "आता लावला त गुन्हा हाय."

स्वतःची बंदूक पुसली तर गुन्हा. त्यानं रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवला, हे हवालदारानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

खिडकीवर पत्राचं काढलं तर बाबू म्हणाला, "असं पत्र द्यायची पद्धत नाही." नियम नाही असं म्हणाला नाही, ध्यानात घ्या. पद्धत नाही म्हणाला. इंद्रभाननं तसा लेखी अर्ज केला. मग साहेब ट्रेनिंगला. मग साहेब रजेवर. मग जुने साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांना "विषय समजून घ्यायचा" होता. एसटीतला कंडक्टर विचारायचा, "काय गनमॅनसाहेब, बंदूक कुठी गेली? सासरी गेली का?" इंद्रभान खिडकीबाहेर पाहायचा.

इतके दिवस तो बँकेच्या दारात रिकाम्या हातानं उभा होता. एजन्सीचा बँकेशी करार मात्र गनमॅनचा. वरून तपासणी येणार म्हटल्यावर करण मोटरसायकलवर मेडशीला आला. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी.

"काका, तुमचं काम झालं. हे घ्या."

गोणपाट सोडलं तर आत जत्रेतली बंदूक. फुगे फोडायची! दस्त्याला नवीन काळा रंग मारलेला, वास अजून येत होता.

"हे काय व्हय रे?"

"बंदूकच हाय ना काका. दुरून कोन पाह्यते? तुमचा शिक्का येतलोक धकून जाते."

"आन चोर आला त? फुगे धर म्हनू का त्याले?"

"चोर कायले येते काका! एवढ्या वर्सात आला का एक तरी?" करणचा आवाज बदलला. "पाह्यजा बाप्पा. महिन्याअखेर परवाना नाई आला त मले दुसरा गनमॅन लावाच लागते. आपल्या इकडच्या मालेगावचा एक तयारच बसला हाय. मंग तुमी तुमचं पाह्यजा."

धाकटी मुलगी पल्लवी अकोल्याला नर्सिंगला, तिचं शेवटचं वर्ष. सकाळी इंद्रभाननं खुंटीवरची निळी खोळ काढली. पंचफुलानं ती हातातून हिसकली.

"हे खोळ म्या बंदुकीसाठी शिवली हाय. जत्रेतलं खेळनं यात नाई जाऊ देत. न्याचं असन त गोनपाटात न्या."

गोणपाटातच नेलं त्यानं. दोन-तीन दिवस तसाच उभा राहिला, आणि कोणाच्याही ध्यानात आलं नाही. कॅशियर, शिपाई, कर्जवाले, पासबुकवाले, सगळे त्याच्यासमोरून गेले. तपासणीवाले साहेब आले, कागदावर टिक मारली, चहा पिऊन गेले. लोकांना कळलं नाही याचा त्याला आधी आनंद झाला, आणि मग त्याच गोष्टीचा संताप आला. म्हणजे इतकी वर्षं आपण जी पुसून-पुसून मिरवली, ती कोणी पाहिलीच नव्हती की काय?

एकीनं पाहिली होती. मेडशीची तुळसाबाई, निराधारचे पैसे उचलायला यायची. पैसे घेतले की ती काउंटरवर मोजत नसे. इंद्रभानच्या मागं भिंतीशी येऊन बसायची, पदर पसरायची आणि नोटा मोजायची. त्या दिवशीही बसली.

"घरी मोज न वं मावशे," तो म्हणाला.

"घरी कायले? घरी पोट्टे हायत ना हिसकाले. तू बंदूक घेऊन उभा असला का मले कोनाचं भेव नाई." आणि तिनं अंगठ्याला थुंकी लावून नोट मोजली. "मांगं एकडाव बाजारात माह्यी पिशवी कापली, तवापासून मी अथीच मोजतो. तुह्या भरोशावर."

तिचं मोजणं होईस्तोवर इंद्रभान तिला आड होऊन उभा राहिला, मग तिला रस्त्यापर्यंत नेऊन ऑटोत बसवलं. परत आला तो थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. ती बंदूक त्यानं टेबलावर आडवी ठेवली.

"सायेब, हे फुग्याची हाय."

मॅनेजरनं आधी दाराकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. "इंद्रभान, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. उचला ती."

"मी सांगतलं सायेब. आन तुमी ऐकलं. इथं मानसं माह्या भरोशावर पैसे मोजून राह्यले."

सांजच्याला करण बँकेवर आला. शिव्या दिल्या नाहीत, पण तोंड पाडून बसला. "काका, तुमी माह्या पोटावर मारलं. मीबी नोकरच हाय ना." मग मोटरसायकलला बांधलेली एक वेताची काठी सोडली. "महिन्याअखेरलोक हे घेऊन उभे राह्यजा. वॉचमन म्हनून लावतो. मंग तो मालेगाववाला येते."

करण पोरसवदा. आज्याची गोष्ट त्याला कुठून माहीत असणार? त्यानं सहज पुढे केली काठी. इंद्रभान तिच्याकडे असा पाहत राहिला, की करणनंच ती भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडीला किक मारली.

घरी आल्यावर त्यानं काठीचं सांगितलं, तशी पंचफुलानं विचारलं, "घेतली का?"

"घेतली नाई. तथीच ठेवून आलो."

"मंग उद्या?"

"उद्या रिकाम्या हातानं उभा राहीन. हात त माहे हायत ना."

पंचफुलानं खोळ झटकली. रिकामी आहे म्हणून तिनं मधल्या काळात तीत छत्री ठेवली होती. ती छत्री तिनं बाहेर काढली, खोळ उलटी करून अस्तराला वारा लागावा म्हणून दोरीवर टाकली आणि एवढंच म्हणाली, "बंदूक आली का लागनच."

तर असा हा इंद्रभान आज बँकेच्या दारात उभा आहे. हातात काही नाही. काठी भिंतीला टेकलेली आहे, तो तिला शिवत नाही. मालेगावचा गनमॅन महिना संपायची वाट पाहतोय. बंदूक ठाण्यात गंजतेय आणि फाईल खिडकीच्या खालच्या खणात आहे. ठाणं पत्राला तयार आहे. पत्र लागतं एका ओळीचं.

हे वाचणाऱ्यांत कोणी ना कोणी अशा खिडकीच्या आत बसत असेल. माझं बोलणं तुमच्याशी आहे, साहेब. बाकीच्यांनी नुसतं हळहळून काही होत नाही. खालचा खण उघडा. तिथं एक इंद्रभान सापडेल. नाव वेगळं असेल, गाव वेगळं असेल. पद्धत नसेल तर आजपासून पाडा. ती एक ओळ लिहा, सही घ्या आणि आजच्याच टपालात टाका.