पाठीतलं ढेकूळ

पाठीत ढेकूळ बसलं की समजायचं, नळी चोंदली.

मेडशीकडे मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. पेरणीला मागं यंत्र जोडायचं, त्यावर बियाण्याची आणि खताची पेटी, आणि यंत्रामागं नळ्यांवर डोळा ठेवून चालायची ती काकू. शेत तिचं असो की दुसऱ्याचं, तिला बोलावल्याशिवाय पेरणी सुरू होत नसे. इंजिनाच्या आवाजात हाक कुठली ऐकू येते? म्हणून ती ढेकूळच फेकायची. बरोबर दोन खांद्यांच्या मधात. सांगतो, जीव कळवळायचा!

"काहून रे, बहिरा झाला काय?" हे वर.

दमट खताचे गोळे ती मोगरीनं असे बडवायची की पोत्याची दया यावी. एकदा मी ट्रॅक्टर उभा ठेवूनच यंत्र जमिनीला टेकवलं आणि नळ्यांत माती शिरली. तिनं त्यातलीच एक नळी उपसली आणि माझ्या पाठीत हाणली. "चालता चालता खाली घे, किती खेपा सांगू तुले?" मग त्याच हातानं भाकर आणि ठेचा पुढे केला. "खाय. उपाशी माणसाचं ध्यान नाई राहत."

पेटीत खत ढवळणारं दातेरी चाक फिरतं. चालू यंत्रात हात घालणाऱ्या एका गड्याच्या तिनं सगळ्यांदेखत कानफटात लावली होती. "आंधी थांबव, मंग हात घाल!"

त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं. थोडंच रान उरलं होतं. पाठीत ढेकूळ बसलं. मी म्हटलं, जाऊ दे, शेताच्या कडेला, धुऱ्यावर पोचून बघू. दुसरं ढेकूळ आलंच नाही. धुऱ्यावर वळून पाहिलं, तर काकू मागं नुकत्या पेरलेल्या तासात, मातीच्या ओळीत बसलेली. हाताला पदर गुंडाळलेला, आणि पदर लालभडक. मी पळत सुटलो. उजव्या हाताची दोन बोटं खताच्या पेटीत राहिली होती.

वाशिमच्या दवाखान्यात तीच मला समजावत होती. "तुही काय चूक? ढेकूळ मारलं मी, पण माहा नेम चुकला. तू थांबला नाई, म्हणून घातला हात."

मी औषधाची चिठ्ठी उचलली आणि बाहेर सटकलो. भ्याड लेकाचा!

पुढच्या वर्षी ती डाव्या हातानं फेकायला लागली. ढेकळं कुठल्या कुठं पडायची. "नेमच गेला माहा," म्हणून हसायची. लागो न लागो, मी दर ढेकळाला थांबायचो.

हिवाळ्यात ती तापानं गेली. यंदा तिच्या शेतात पेरायला गेलो, तर मागं तिची सून चालत होती. नळी चोंदली की ती माझ्या मोबाइलवर रिंग देते, खिशात थरथरतं, मी थांबतो. परवा रिंग नसतानाच मधेच थांबलो, खाली उतरलो आणि रिकाम्या तासाकडे पाहून बोलून टाकलं.

"काकू, तुहा नेम नव्हता चुकला. मले लागलं होतं."