सिस्टर आणि गरुडाची पिल्लं

सिस्टर खुर्चीत पाठ टेकून बसल्याचं मला आठवत नाही. बसल्याच तर अगदी कडेला, एक पाय पुढे टाकून, कुणी हाक मारली की उठायला तयार. श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली होती. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. मी त्यांच्याकडे वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचे आणि शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तरीण.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी थोडं स्वस्थ बसावं म्हणून मीच त्यांच्या टीव्हीवर गरुडांचं घरटं लावून दिलं. युरोपातल्या एका जंगलात उंच झाडावर कॅमेरा बसवला होता आणि तिथलं सगळं घडेल तसं दिसायचं. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि पडद्यावर अंडी उबवणाऱ्या मादीच्या पाठीवर बर्फ साठत असायचा. बघता बघता सिस्टरांचा डोळा लागेल, असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. वॉकर घेऊन त्या टीव्हीसमोर येरझारा घालू लागल्या. "पहिलटकरीण दिसतीय. अंडी नीट अंगाखाली घेत न्हाई," म्हणायच्या. नर मासा घेऊन आला की जिन्याखालून मला सांगायच्या, "मालक आले."

दोन पिल्लं निघाली. सिस्टरांनी शेजारपाजारी शिरा वाटला. पण थोरलं पिल्लू धाकट्याला टोचायचं, घास मध्येच पळवायचं. "अगं, त्या मागच्याला दे," असं त्या गरुडाच्या मादीला बजावत राहायच्या.

मे महिन्यात नर यायचा बंद झाला. तिकडे पाऊस लागला होता. पिल्लांवर बसावं तर खायला नाही, शिकारीला जावं तर पिल्लं गारठणार, अशी मादीची गत झाली. सिस्टरांचं जेवण सुटलं. त्यांनी माझ्याकडून तिथल्या लोकांना मोबाईलवर लिहवून घेतलं, की कुणीतरी घरट्याजवळ मासे ठेवा. उत्तर आलं, की निसर्गात आम्ही ढवळाढवळ करत नाही. ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"कॅमेरा बांधायला झाडावर चढता आलं. मासा ठेवायला न्हाई येत?"

मी समजावत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या, "मला नुसतं बघत बसायला कुणी शिकवलंच न्हाई गं, मास्तरीण."

देवळाली प्रवरा इथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नवं प्रसूतिगृह काढलं होतं आणि त्या सिस्टरांना कधीपासून बोलावत होत्या. गुडघा बरा होऊ दे, असं सिस्टर सांगत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पांढरी साडी नेसली, काठी घेतली. मला म्हणाल्या, की तू बघ, पण मला फोन करू नकोस. आणि त्या एसटीनं निघून गेल्या.

मी बघत होते. मादी भर पावसात उडून गेली. पिल्लं भिजत एकमेकांना चिकटून राहिली. मी चारदा उठले, गॅसवरचा भात करपवला. शेवटी ती आली, पंजात मासा होता. थोरल्यानं मान वर करून चोच उघडली. धाकटं हललं नाही. सिस्टरांनी बजावलं होतं तरी मी फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

दिवेलागणीला प्रसूतिगृहातल्या कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर आणून सोडलं. एका बाईचं बाळंतपण अडलं होतं, तिच्याजवळून त्या हलल्या नव्हत्या. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप होती. सिस्टरांचा चेहरा थकलेला होता, पण कित्येक आठवड्यांनी निवांत दिसत होता. मी सांगितलं, की मादी मासा घेऊन परत आली.

"आणि धाकटं?"

मी नकारार्थी मान हलवली. सिस्टरांनी नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिल्या.

आठवड्याभरात त्या प्रसूतिगृहामागच्या खोलीत राहायला गेल्या. सामान टेम्पोत चढलं, टीव्ही मात्र त्यांनी मला ठेवायला दिला. गुडघ्याला जपा, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "तोबी येतोय की माझ्यासंगं."

जुलैत थोरल्यानं घरटं सोडून पहिली झेप घेतली. मी लगेच फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला आणि मी काही बोलायच्या आतच विचारलं, "उडालं?"

मी हो म्हटलं. "थांब जरा," म्हणून त्यांनी फोन कुठंतरी ठेवला. कुणाला तरी दम धरायला सांगणारा त्यांचा करडा आवाज आला. मग धावपळ, भांड्यांचा आवाज, क्षणभर काहीच नाही, आणि मग एक कोवळं, रागावलेलं रडणं. फोन चालू असल्याचं त्या विसरून गेल्या होत्या. मी तो बंद केला नाही.