नंदाचा काडीमोड

ओतूरजवळच्या वाडीतली नंदा. घर धनगराचं, पण मेंढरं आजोबांच्या काळातच गेली. बाप शेती करायचा. सतराव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी काडीमोड. मी तालुक्यातला कार्यकर्ता. नवरा मारायचा, म्हणून मीच तिच्या जमातीचे पाच पंच बसवले. मुख्य पंच म्हस्कू. त्यानं सगळ्यांच्या देखत काडी मोडली, डोरलं परत गेलं, मिटलं. कोर्टाची पायरी न चढता बाई सोडवली, हे मी तालुकाभर सांगत फिरलो.

अठ्ठ्याण्णव साली तिचा पाट ठरला, म्हणजे दुसरं लग्न. आळ्याचा कुशाबा, बायको वारलेला, अजून मेंढरं राखणारा. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन माळशेज उतरायचा, तो पावसाच्या तोंडावरच माघारी. म्हणून पाट दिवाळीआधी लावायचा होता. तेवढ्यात पहिल्या नवऱ्याचा निरोप आला, "लाव पाट. दोघांना आत टाकतो."

माझं डोकं फिरलं. "भितेस काय? चल जुन्नरला."

कोर्टासमोर भगवंत वकिलांचं पत्र्याचं ऑफिस. नवरा-बायकोची प्रकरणं हेच त्यांचं काम. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कागद कुठंय?"

"कागद कशाला? पाच पंच होते," मी म्हणालो.

"भाऊ, आवाज खाली. त्यांच्या जमातीची चाल कायदा मानतो, पण ती कोर्टात शाबीत करावी लागते. पंच साक्षीला येतील?"

"न येऊन सांगतात कुणाला!"

"मग आणा. दावा टाकू. तोवर पाट लावू नका. पहिलं लग्न असताना दुसरं केलं म्हणून बाईवर केस होईल, कुशाबालाही ओढतील."

नंदा पहिल्यांदा बोलली. "किती दिस?"

"सहा महिने तर धराच. जास्तच लागतील."

"सा म्हैन्यांनी मेंढरं माघारी येत्यात, सायेब. माणूस येतंय का?"

वकील टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

तिथून आम्ही थेट म्हस्कूच्या ओट्यावर. साक्षीचं नाव काढताच म्हातारा उसळला.

"आमी मोडलेली काडी खरी का खोटी, ते काळा कोट ठरवनार व्हय? पंचाचा शबूद हाये राव त्यो!"

"काका, माज्यासाठी या," नंदा म्हणाली.

"तुज्यासाठीच काडी मोडली व्हती, पोरी. आता आमची अब्रू मोडायची न्हाई."

"मग तेव्हाच लिहून का नाही दिलं तिला?" मी ओरडलो.

म्हस्कूनं माझ्याकडं बोट केलं. "मास्तर लिवाया बसला व्हता. कागूद नगं, कोर्टाची लफडी नगं, आसं कोन म्हनलं व्हतं? तुमीच ना?"

मीच म्हणालो होतो. नंदानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

भाऊबीजेनंतर कुशाबाची मेंढरं निघाली. नंदा मागं राहिली. ती एकटीच एसटीनं जुन्नरला जाऊन दाव्याच्या कागदांवर सही करून आली. उरलेल्या चार पंचांतला एखादा तरी साक्षीला येतो का, म्हणून दारोदार फिरू लागली. मी बरोबर येतो म्हणालो.

"नगं, भाऊ," ती म्हणाली. "तुमी बोलला की मान्सं लई चिडत्यात."