नंदाच्या भाकरीचा आवाज

घरगुती आवाज जपणाऱ्या संग्रहासाठी परवा एक मुलगी आमच्या लातूरच्या घरी आली. तिनं जुन्या कॅसेटींचं खोकं उघडलं आणि त्या वासासरशी मी किल्लारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

भूकंपात माझी मावसबहीण नंदा गेली. ढिगाऱ्यातून मावशीच्या हाती एक कॅसेट लागली होती. तिच्यात नंदा भाकरी थापत होती, बांगड्या वाजत होत्या, मध्येच ती खुदकन हसत होती. शहरातून आवाज टिपायला आलेल्या माणसाला मावशीनं ती दिली.

"साहेब, हिची दुसरी करून द्या. माझी लेक हाय ह्यात."

त्यानं थोडं ऐकलं. "नुसती थपथप आहे ही. मावशी, तुम्ही रडा, ते हवंय." त्याच्या कॅसेटी संपल्या होत्या. त्यानं हीच मागं फिरवली आणि लाल बटण दाबलं.

नंदा पुसली जातेय हे कळताच मावशीनं हंबरडा फोडला. त्यानं माईक तिच्या तोंडाशी नेला. "वा! आता खरं आलं."

मी शेडमागं जाऊन ओकले. कॅसेट तो घेऊनच गेला. मावशीचं ते रडणं कुठंतरी नीट जपून ठेवलेलं असेल, या विचारानं अजूनही किळस येते.