पिठाच्या डब्यातली वायर

भुताखेताचं मला कुणी काही सांगू नये. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, पहाटे अंधारात एकटी कामाला गेले, मला कधी काही दिसलं नाही. ज्यांना दिसतं त्यांना रिकामा वेळ फार, असं माझं मत होतं. आजही तेच आहे. तरी हे लिहायला बसले, कारण गेले दोन महिने माझं डोकं तापलेलं आहे.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहतो. मुलगा सुनील, सून, नात प्रणिता आणि मी. प्रणिता कॉलेजात आहे. कॉम्प्युटरवर पाच मुलींच्या टीममधून गेम खेळते. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी त्यांची मोठी मॅच होती. पण गेम रंगात आला की पडदा निळा व्हायचा आणि मशीन बंद! एकदा नाही, रोज. मग टीमच्या मुली म्हणायला लागल्या, "हरायला लागली की ही मुद्दाम बंद करते." कॅप्टननं तर सांगून टाकलं, रविवारी तू नको.

पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी तिला ओळखते. ती हट्टी आहे, आळशी आहे, पण खोटारडी नाही.

सुनेनं कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. म्हणे, "मामंजी आले असतील." मामंजी म्हणजे माझे मालक. जिवंतपणी त्या माणसानं पंख्याचं बटण कधी स्वतः दाबलं नाही, आता मेल्यावर येऊन कॉम्प्युटर बंद करतोय होय? लिंबू तोडून गटारात टाकलं.

आमच्या कारखान्यात माग सारखा बंद पडायला लागला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, पहिलं विचारायचा, काल काय बदललं? मी प्रणिताला तेच विचारलं. ती म्हणाली, "ड्रायव्हर नवा टाकला, आजी." म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाला चालवणारा प्रोग्राम, असं तिनं समजावलं.

"मग नवा काढ, जुना टाक."

"टाकायलेच की! अर्ध्यात मशीन बंद पडतंय." असं म्हणून रागारागात बॅग भरली आणि बार्शीला मावशीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. आवाज रडवेला. "आजी, पप्पांनी रमेशदादाला सगळं पुसून काढायला सांगितलंय. पुसू देऊ नको! कधी बंद पडलं, कशानं पडलं, सगळी नोंद मशीनमध्ये असती म्हनं. ती गेली तर मी खोटीच ठरते."

रमेश म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. मी फोन ठेवला, मशीनची वायर भिंतीतून काढली, मशीनमधूनही काढली, गुंडाळली आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसली. घरात मी एकटीच. मशीनला बॅटरी नाही, घरात इन्व्हर्टर नाही. वायरीशिवाय मशीन म्हणजे नुसतं खोकं!

बरोबर चारला रमेश आला.

"आजी, वायर कुटं हाय?"

"पिठात हाय."

"चेष्टा करायलाव का?"

"देत न्हाई जा. पोरगी आल्याशिवाय हात लावायचा न्हाई."

तो हसला. सुनीलला फोन लावत बसला, सुनील उचलेना. मी चहा केला. स्वयंपाकघराचं दार मशीनच्या समोरच आहे, माझी नजर हलली नाही. साडेचारला तो गेला.

सकाळी प्रणिता आली. वायर मी स्वतः पिठातून काढून, पुसून दिली. तिनं गेम लावला. दोन तास चालला, एकदाही बंद नाही! ती चकित. मग तिनं नोंद उघडली. किती वेळा बंद पडलं, सगळं होतं, आणि प्रत्येक वेळी कारण तो नवा ड्रायव्हर. सगळ्यात वर आदल्या दिवशीची नोंद होती. जुना ड्रायव्हर टाकला, दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

चार वीसला मी आणि रमेश त्या मेलेल्या मशीनसमोर चहा पीत होतो! वायर पिठात होती. मशीनचं घड्याळ चुकीचं असेल म्हणून मोबाईलशी ताडून पाहिलं. मिनिटाचा फरक नाही.

सुनीलनं रमेशला फोन करून विचारलं, ड्रायव्हरचं काम तुझ्याकडून झालं का. तो बिनदिक्कत म्हणाला, "व्हय, मीच केलं की."

प्रणितानं नोंदीचे फोटो काढून कॅप्टनला पाठवले. कॅप्टननं माफी मागितली. रविवारी पोरी हरल्या, पण प्रणिता शेवटपर्यंत खेळली. त्याचा आनंद आहेच.

पण रमेशला मी सोडलं नाही. त्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर विचारलं. त्यानं मला बाहेर आणलं, हळू आवाजात म्हणाला, "आजी, मी हात लावला न्हाई. पन सुनीलभाऊ विचारायले, झालं का. मग काय सांगू? आपोआप झालं म्हनू? लोक हसतील मला."

"आणि मला हसलेले चालतात व्हय? चल घरी, पोरीला सांग."

"न्हाई जमत, आजी." आणि आत गेला.

घरी येऊन मी प्रणिताला सगळं सांगितलं. तिनं मोबाईलवरून मानही वर केली नाही. "आजी, तू वायर दिली असशील त्याला. विसरली असशील. होतंय वयानं."

त्या चार वीसला काय झालं, मला माहीत नाही. अर्धवट राहिलेलं काम मशीननं पूर्ण केलं म्हणावं, तर विजेशिवाय कसं केलं? कुणाला कळत असेल तर जरूर लिहा. पण 'आजी विसरल्या' असं लिहायचं असेल तर शाई वाया घालवू नका. ते ऐकून झालंय, आणि तेही अशा पोरीकडून, जिला सगळे खोटी म्हणत होते तेव्हा मी एकही पुरावा मागितला नव्हता.